वाचकांचे प्रश्न: माल गेला, बिल गेलं, पैसे कधी येणार?

मागच्या अंकात मी थकलेल्या बिलांबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या आणि त्यावर एवढी पत्रं आलीत की यावेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. नावं कुणाचीच छापत नाही, कारण ज्याच्याकडे पैसे अडकलेत त्यालाच उद्या परत माल द्यायचाय, हे तुम्हालाही माहितीये आणि मलाही.

प्रश्न: ताई, लोटे एमआयडीसीच्या बाजूला माझं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, सहा जण कामाला. एका केमिकल कंपनीला रॅक आणि शिड्या बनवून दिल्या, ३ लाखांचं बिल, सात महिने झाले. अकाउंटवाले म्हणतात पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) ९० दिवस लिहिलेत, आणि आता ते पण उलटून गेले तर म्हणतात वरून मंजुरी नाही. माझं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, चार वर्षांपूर्वीचं आहे. व्याज मागता येतं म्हणतात ते खरं का? आणि मागितलं तर पुढचं काम जाईल त्याचं काय?

उत्तर: दादा, आधी ते ९० दिवस डोक्यातून काढून टाका. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठी २००६ चा एमएसएमईडी कायदा आहे, त्याचं कलम १५ सांगतं की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला तर लेखी करार काहीही असो, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे पैसे नेता येत नाहीत. पीओवर ९० लिहा नाहीतर १२० लिहा, कायद्यापुढे ते ४५ च धरायचे. आणि लेखी काही ठरलेलंच नसेल तर फक्त १५ दिवस. हे १५ दिवसांचं बऱ्याच जणांना माहितीच नसतं, सगळे ४५, ४५ करत बसतात.

व्याजाचं खरंय, आणि ते साधंसुधं नाही. रिझर्व्ह बँकेचा जो बँक रेट असतो त्याच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ. बँक रेट साडेपाच टक्के धरला तर वर्षाला साडेसोळा टक्के झाले. तुमच्या ३ लाखांवर सहा महिन्यांचं व्याज साधारण साडेपंचवीस हजार होतं, वर्ष गेलं तर त्रेपन्न हजारांच्या वर. करारात "व्याज देणार नाही" असं छापलेलं असलं तरी ते चालत नाही, कारण या बाबतीत हा कायदा बाकीच्या कायद्यांच्या आणि करारांच्या वर आहे. आणि ही काय काल-परवाची गोष्ट नाही बरं का, लहान उद्योगांना उशिराच्या पैशावर व्याज द्यायचा कायदा आपल्याकडे १९९३ सालीच झाला, इंग्लंडमध्ये असा कायदा १९९८ ला आला. म्हणजे कायदा करण्यात आपण मागे नव्हतो, वापरण्यात आहोत, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता काय करायचं. मालाबरोबर दिलेल्या तुमच्या डिलिव्हरी चलनावर कंपनीच्या गेटवर इनवर्डचा शिक्का मारून दिला असेल बघा, तारखेचा, बऱ्याचदा अर्धवट उमटलेला असतो. तो शिक्का म्हणजे तुमचा पहिला दिवस. त्याचा आत्ताच्या आत्ता मोबाइलवर चांगल्या उजेडात फोटो काढा. मग कंपनीला एक साधं पत्र द्या, भांडणाची भाषा नको: बिल नंबर, तारीख, माल पोचल्याची तारीख, उद्यम नंबर, "कलम १५ प्रमाणे मुदत अमुक तारखेला संपली आहे, कलम १६ प्रमाणे व्याज लागू आहे, कृपया १५ दिवसांत पेमेंट करावे". ईमेलपण करा आणि रजिस्टर पोस्टानेपण पाठवा. मी पाहिलंय, बऱ्याचदा एवढ्यावरच पैसे हलतात, कारण हे पत्र साइटवरच्या साहेबाकडे न राहता फायनान्सकडे जातं आणि तिथल्या माणसाला कळतं की आता हा आकडा ऑडिटरला दाखवायला लागणार. लहान उद्योगांचं थकलेलं देणं आणि त्यावरचं व्याज वार्षिक हिशेबात वेगळं दाखवायचं बंधन कलम २२ मध्ये आहे. शिवाय कंपनी असेल तर ४५ दिवसांवर थकलेल्या रकमांचा फॉर्म कंपनी खात्याला वर्षातून दोनदा भरावा लागतो, ३० एप्रिल आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत. म्हणून पत्र मार्चच्या किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला गेलं तर जास्त बरं.

एवढ्यानेही नाही झालं तर एमएसएमई मंत्रालयाचं ऑनलाइन तक्रार पोर्टल, २०१७ ला समाधान नावाने चालू झालेलं. उद्यम नंबर, पीओ, बिल, चलन टाकून घरबसल्या तक्रार करता येते, ती सुविधा परिषदेकडे जाते, म्हणजे फॅसिलिटेशन कौन्सिलकडे. आधी दोघांना बोलावून समेट बघतात, नाही जमलं तर लवाद. कायद्यात ९० दिवस लिहिलेत पण दादा, तुम्हाला खोटी आशा लावत नाही, प्रत्यक्षात जास्त लागतात. पण एक गोष्ट तुमच्या बाजूने फार भक्कम आहे: परिषदेचा निकाल तुमच्यासारखा लागला आणि कंपनीला त्याविरुद्ध कोर्टात जायचं असेल तर आधी निकालाच्या ७५ टक्के रक्कम कोर्टात भरायला लागते. मोठी पार्टी नुसती तारखा घेत लहान माणसाला दमवते ना, त्याला इथे आळा बसतो.

पुढचं काम जाईल का? जाऊ शकतं, नाही कशाला म्हणू. पण स्टीलवाल्याचे पैसे तुम्ही रोखीने देताय, पोरांचा पगार दर महिन्याला देताय, आणि कंपनीला सात महिने बिनव्याजी वापरायला देताय, असं काम टिकवून तुम्ही स्वतः किती दिवस टिकाल ते एकदा वहीत मांडून बघा. आणि कंपनीची उलाढाल २५० कोटींच्या वर असेल तर पर्चेसवाल्यांना ट्रेड्स (TReDS) या बिलांच्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मबद्दल विचारा. त्या प्लॅटफॉर्मवर तुमचं बिल कंपनीने एकदा मान्य केलं की बँक तुम्हाला थोडा कट मारून लगेच पैसे देते आणि मग कंपनीकडून वसूल करायचं काम बँकेचं. एवढ्या मोठ्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे, पण बिलं टाकतीलच असं नाही, म्हणून तुम्ही विचारायला हवं.

प्रश्न: माझं वेंगुर्ल्याला काजू प्रक्रियेचं युनिट आहे, आठ बायका कामाला येतात. बेळगावच्या व्यापाऱ्याला ३२० नंबरचा गर पाठवला, दोन महिने पैसे नाहीत आणि आता व्हॉट्सअॅप करतोय की माल दमट निघाला, कापून पैसे देतो. माल आम्ही नीट वाळवून, टिनात भरून दिला होता. माझ्याकडे जीएसटी आहे, फूड लायसन्स आहे, पण उद्यम केलेलं नाही. आता केलं तर या पैशाला चालेल का?

उत्तर: ताई, तुमच्या पत्रात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि एकाचं उत्तर चांगलं आहे, एकाचं नाही.

चांगलं आधी. मालात काही खोट असेल तर खरेदीदाराने माल मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत लेखी हरकत घ्यायची असते. नाही घेतली तर माल पोचला त्या दिवशीच तो स्वीकारला असं या कायद्यात धरतात. दोन महिन्यांनी आठवलेला दमटपणा म्हणजे माझ्या मते पैसे कमी करायची नेहमीची युक्ती आहे, आणि काजूच्या धंद्यात तर ती फारच सोपी, कारण टिन एकदा फोडून गोडाऊनमध्ये ठेवला, त्यात आपल्याकडचा पावसाळा, तर चांगला गरही मऊ पडणारच. पुढच्या वेळेपासून टिन सील करायच्या आधी त्या लॉटचा फोटो, वजनकाट्यावरचा आकडा आणि ओलावा मोजला असेल तर त्याची नोंद, हे सगळं बिलाबरोबर त्याला त्याच दिवशी पाठवून ठेवायचं आणि खाली लिहायचं "हरकत असल्यास १५ दिवसांत लेखी कळवावे". त्या व्हॉट्सअॅप मेसेजलाही आजच उत्तर द्या, गप्प बसू नका, गप्प बसलात तर तुम्ही कबूल केलं असा अर्थ तो काढणार.

आता वाईट. उद्यम आत्ता केलंत तर ते पुढच्या ऑर्डरींना लागू होईल, या जुन्या पैशासाठी त्यावर भरवसा ठेवू नका, आणि वरचा १५ दिवसांचा नियमही याच कायद्यातला असल्याने नुसता त्यावर विसंबू नका. सुप्रीम कोर्टाने जून २०२१ मध्ये सिल्पी इंडस्ट्रीजच्या प्रकरणात सांगितलं की करारानंतर नोंदणी केली तर फायदा पुढच्या व्यवहारांना. जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात हाच मुद्दा मोठ्या बेंचकडे पाठवलाय, पण त्या आशेवर बसून राहू नये. जुन्या पैशासाठी वकिलाची नोटीस आणि मग नेहमीचा दिवाणी मार्ग, रक्कम ३ लाख किंवा जास्त असेल तर कमर्शियल दाव्याच्या आधी मध्यस्थी करावी लागते, तिथेही बरीच प्रकरणं मिटतात.

आणि उद्यम उद्याच करा हो! आधार आणि पॅन लागतं, तुमचं जीएसटी आहेच, कागद अपलोड करायला लागत नाहीत आणि फी शून्य आहे, शून्य. सरकारी साइटवरच करा. "रजिस्ट्रेशन करून देतो दोन हजार" म्हणणारे भेटतात आणि तशाच दिसणाऱ्या खाजगी साइट पण आहेत, तिथे पैसे भरू नका. नाही जमलं तर जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. तुम्ही सूक्ष्ममध्ये येता, १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल १० कोटींपर्यंत सूक्ष्म, २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंत लघु. त्याच्या वरचे मध्यम, त्यांना हे उशिराच्या पैशाचं संरक्षण नाही. नंबर मिळाला की तो बिलावर छापा, लेटरहेडवर छापा, रबरी शिक्का करून घ्या. म्हणजे "आम्हाला माहीत नव्हतं तुम्ही लघु उद्योग आहात" हे कोणी बोलायला नको.

अजून एक, उद्यम झाल्यावर पुढे कधी परत असं झालं तर बेळगावला खेटे घालायची गरज नाही. खरेदीदार देशात कुठेही असला तरी तक्रार पुरवठादार जिथे आहे तिथल्या परिषदेकडे चालते. त्याने इकडे यायचं.

प्रश्न: देवगडला हापूसची बाग आहे, ४०० कलमं. एकाने बागेतून माल उचलला, थोडी रक्कम दिली, बाकीचा चेक दिला तो बाऊन्स. वाशीच्या आडत्याकडेही गेल्या सीझनचं थोडं येणं आहे. मला हा ४५ दिवसांचा कायदा लागतो का?

उत्तर: नाही काका. शेती उद्यममध्ये येत नाही, तसंच मासेमारीही नाही. तुम्ही पल्प काढायचं किंवा कॅनिंगचं युनिट टाकलंत तर त्या मालाला लागेल, झाडावरच्या आंब्याला नाही. मला हे अन्यायाचं वाटतं, बागायतदाराने फवारणीपासून राखणीपर्यंत सगळा खर्च आधी केलेला असतो, पण आज कायदा असा आहे.

चेकचं मात्र लगेच बघा, तिथे तारखा फार कडक आहेत. बँकेने चेक परत आल्याचं कळवलं की ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे, नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस, आणि तरी नाही दिले तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८, दोन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा चेकच्या दुप्पट दंड होऊ शकतो. "आंबा संपला की देतो" असं म्हणत तो हेच ३० दिवस घालवेल, तेवढं होऊ देऊ नका. वाशीच्या आडत्याने दिलेल्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या, सगळ्या जपून ठेवा आणि बाजार समितीच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा, आडत्याचं लायसन्स समितीच्याच हातात असतं.

प्रश्न: मी उलट्या बाजूचा माणूस आहे, गुहागरला माझं हॉटेल आहे. सीए म्हणतात ३१ मार्चच्या आत लाँड्रीवाला, मसाले-पापडवाला सगळ्यांचे पैसे द्या नाहीतर टॅक्स बसेल. किराणा दुकानदाराचंपण धरायचं का? आमचा सीझनच मे महिन्याचा, मार्चला हातात पैसा नसतो.

उत्तर: दादा, तुम्ही विचारलंत याचंच मला बरं वाटलं. सीए बरोबर सांगतायत. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ४३बी मध्ये एच नावाचं पोटकलम २०२३ च्या बजेटमध्ये आलं आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल १५ किंवा ४५ दिवसांच्या मुदतीत दिलं नाही आणि वर्ष संपेपर्यंतही दिलं नाही तर तो खर्च त्या वर्षी धरत नाहीत. समजा लाँड्रीचं जानेवारीचं बिल १ फेब्रुवारीला तुम्ही स्वीकारलं, लेखी करार नाही म्हणजे १५ दिवस. २८ मार्चला दिलंत तर उशीर झाला तरी खर्च याच वर्षी मिळतो. मे मध्ये दिलंत तर मिळतो पुढच्या वर्षी, यंदा तेवढा नफा फुगतो आणि त्यावर टॅक्स बसतो. रिटर्न भरायच्या आधी दिले की झालं, हे दुसऱ्या काही खर्चांना चालतं, इथे नाही चालत. मार्चच्या शेवटच्या आठवड्यातल्या बिलाची मुदतच एप्रिलमध्ये संपत असेल तर मुदतीत दिलं की पुरे.

किराणा दुकानदार व्यापारी आहे. व्यापाऱ्यांना उद्यम मिळतं पण फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जासाठी, म्हणून तो यात नाही. लाँड्री ही सेवा, मसाले-पापड हे उत्पादन, त्यांची उद्यम नोंदणी आहे का विचारून नंबर लिहून ठेवा. सीझनचं म्हणताय तर त्यांच्याशी लेखी ठरवून ४५ दिवस तरी घ्या, नुसतं तोंडी ठेवलंत तर तुम्हीच १५ मध्ये अडकता.

एक मात्र कळकळीने सांगते. हे कलम आल्यावर काही खरेदीदारांनी लहान पुरवठादारांना "उद्यम रद्द कर नाहीतर माल घेत नाही" असं सांगितलं. तुम्ही तसं करू नका, आणि हे वाचणाऱ्या पुरवठादारांनो, कोणी म्हटलं तरी रद्द करू नका. पापड लाटणाऱ्या बाईचे सहा हजार तुमच्या हॉटेलला एका रूमचं दोन रात्रींचं भाडं असेल, तिच्या घरात तो महिना असतो.

प्रश्न: रत्नागिरीजवळ आमचा बर्फाचा कारखाना आहे, बाबांनी चालू केलेला, आता मी बघतो. बोटवाले सगळे ओळखीचे, एक तर आतेभाऊच. १ जूनला मासेमारी बंदी लागली की उधारी तशीच राहते, मग नारळी पौर्णिमेनंतर देतो, मग दसऱ्याला, मग शिमग्याला. मागायला गेलो तर "देतंय रे, मी खंय पळान जातंय?" बाबा म्हणतात लिहून घेतलंस तर माणसं दुखावतील. कायदा आपल्या माणसांवर लावायचा का?

उत्तर: तुझं पत्र मी तीनदा वाचलं रे, कारण आमच्या घरात हेच झालंय.

चिपळूणला आमची छोटी प्रेस होती, बाबांची. आंब्याच्या खोक्यांवरची लेबलं छापायचो. एका पॅकिंगवाल्याकडे १ लाख ८० हजार अडकले होते, दोन सीझनचे, आणि तो बाबांचा शाळेतला मित्र, त्यामुळे बाबा कधी मागायलाच गेले नाहीत. मग २२ जुलै २०२१ चा पूर आला. पाणी दुकानाच्या माळ्याला टेकलं. चार दिवसांनी आत गेलो तर चलनबुकं चिखलात, फुगून दुप्पट झालेली. आई आणि मी एकेक पान सोडवून दोरीवर चिमट्यांनी लावलं, घरभर पंखे. जेल पेनने केलेल्या सह्या सगळ्या धुऊन गेल्या होत्या, पानभर नुसता निळा ढग. बॉलपेनच्या आणि कार्बनच्या मात्र वाचता येत होत्या. त्या पॅकिंगवाल्याला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा म्हणाला, "पुरावा काय आहे?" शाळेतला मित्र. बाबांना पैशापेक्षा तो शब्द लागला. दोरीवरच्या पानांतून १ लाख १० हजारांच्या सह्या जुळल्या, तेवढे त्याने दिले, बाकीचे गेले. लिहून न घेतल्याने मैत्री वाचली नाही रे, लिहून घेतलेलं असतं तर कदाचित वाचली असती, कारण मग आठवणीवरून वाद झालाच नसता.

म्हणून कायदा लावायचा की नाही हा प्रश्न आजचा नाहीच, आज फक्त वही नीट करायची. बर्फ बनवणं हे उत्पादन आहे, उद्यम कर. पहाटे तीनला जेटीवर बर्फ चढतो तेव्हा बोटीचा नंबर, किती लाद्या, तारीख, आणि तांडेलाची, म्हणजे बोट चालवणाऱ्याची, सही, चलन कार्बन घालून. अंधारात, ओल्या हाताने सही घ्यायला कंटाळा येतो मला कळतं, पण तिथूनच १५ दिवस मोजायचे असतात. मुदत वाढवून द्यायची तर दे, तुझी मर्जी, पण ती लिहून दे, आणि ४५ दिवसांच्या पुढे नाही.

जुन्या बाकीसाठी तीन वर्षांची मुदत असते, त्यानंतर कोर्टात दावा टिकत नाही. मात्र त्या तीन वर्षांच्या आत समोरच्याने सही करून बाकी कबूल केली तर मोजणी तिथून नव्याने चालू होते. म्हणून मे संपायच्या आत, बोटी वर ओढायच्या आधी, प्रत्येकाचं खातं एका कागदावर काढ आणि "आज रोजी बाकी एवढी, मान्य" यावर सही घे. आतेभावाकडे पहिल्यांदा जा, सगळ्यांच्या समोर जा. त्याने केली की बाकीचे करतात, कारण मग कोणाला वाटत नाही की आपल्यावरच अविश्वास दाखवला. बाबांना बरोबर ने, त्यांना बोलायला लावू नकोस, नुसतं शेजारी बसू दे. थोडे थोडे देतो म्हणाला तर हो म्हण, पण बँकेतून किंवा यूपीआयने घे, म्हणजे दिलेल्या रकमेची तारीख दोघांकडेही राहील.